धूसर बिअरचे मोल आणि बंगळूरची आबकारी

बंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर ही आखीव वसाहत 1948 साली ज्यांच्या हस्ते उद्घाटित झाली, ते गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी हे, त्याच्या अकरा वर्षे आधी मद्रास प्रांताची सूत्रे हाती असताना, 1 ऑक्टोबर 1937 पासून आपल्या सेलम जिल्ह्यात दारूबंदी जारी करणारे, आणि आबकारीचे उत्पन्न बुडाल्यामुळे खजिन्यात पडलेली तूट भरून काढण्यासाठी 1939 साली सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा करून घेणारे कारभारी होते, ही गोष्ट आज जयनगरच्या वृक्षाच्छादित रस्त्यांवरून जाणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानात असेल. त्याच वसाहतीत वाढलेला एखादा नोकरदार तरुण आज संध्याकाळी इंदिरानगरात किंवा विठ्ठल मल्ल्या रस्त्यावर जातो, 'हेझी आयपीए' नावाच्या, संत्र्याच्या रसासारख्या दिसणाऱ्या धूसर बिअरच्या एका पेल्याला 300 ते 400 रुपये मोजतो, आणि घरी परतताना त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो की, हे मोल रास्त होते काय? प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर त्या पेल्यापुरते पाहून मिळणार नाही. कारण आपल्या देशात मद्याची किंमत ही केवळ मालाची किंमत कधीच नव्हती, आणि राजगोपालाचारींनी जी तूट विक्रीकराने भरून काढली तिचा इतिहास या पेल्याच्या किमतीत अद्यापि वाहतो आहे.

हेझी आयपीए ज्या कुळातली आहे त्या 'इंडिया पेल एल'च्या नावातच हिंदुस्थान आहे. लंडनच्या पूर्वेस बो या ठिकाणी 1752 पासून बिअर गाळणारा जॉर्ज हॉजसन आणि त्याचे वारस यांनी, जवळच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना माल देऊन, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथील गोऱ्या पेठेत आपला जम बसविला. पुढे 1822 च्या सुमारास बर्टन गावच्या ऑल्सप याने तशीच फिकट रंगाची, कडवट बिअर करून हॉजसनची मक्तेदारी मोडली. ही बिअर प्रवासासाठी मुद्दाम शोधून काढली, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती मला पटत नाही, कारण काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून, तितकाच लांबचा प्रवास करून येत होती आणि पलटणीतले शिपाई तीच अधिक पीत होते. तथापि हॉप या वेलीच्या फुलांचे प्रमाण वाढविले की बिअर दीर्घकाळ टिकते, हे त्या व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक होते, आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारे पिंप कित्येक महिने विषुववृत्तीय उष्णता सोसत असल्यामुळे ते ज्ञान त्यांनी कसोशीने वापरले. म्हणजे आयपीएचा हॉप मुळात टिकाऊपणासाठी होता. आजच्या धूसर आयपीएत त्याच हॉपचा हेतू अगदी उलटा झाला आहे, आणि किमतीचा निम्मा उलगडा या उलटापालटीत आहे. त्याकडे मी पुढे येतो.

बंगळूरला ही बिअर आली ती छावणीबरोबर. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे, विजापूरकरांकडून आणि मोगलांकडून फिरत फिरत, सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियार यांच्याकडे आले. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि 1809 साली इंग्रजांनी आपली पलटण तेथल्या रोगट हवेतून हलवून बंगळूरच्या उंच, थंड माळावर आणली. जुनी पेठ एकीकडे आणि छावणी दुसरीकडे, अशी दोन शहरे तेव्हापासून शेजारी शेजारी नांदू लागली. 1881 साली म्हैसूरचे राज्य वडियार घराण्यास परत मिळाल्यावरही 'सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन' या नावाने छावणीचा मुलूख रेसिडेंटाच्याच ताब्यात राहिला, तो 1947 पर्यंत. पेठेत ताडी आणि अरक, छावणीत बिअर, व्हिस्की आणि रम, अशी पेयांचीही वाटणी झाली. मद्रासच्या बंदरात उतरलेली पिंपे 1864 साली लोहमार्ग येईपर्यंत बैलगाड्यांतून घाट चढून येत असत, आणि त्या गाड्यांचे भाडे, वाटेत गळून गेलेला माल, आंबून फुकट गेलेला माल, हे सर्व उरलेल्या पेल्यांवर बसत असे. आज परदेशी मालाची किंमत पाहून आपण चकित होतो. पण दूरच्या वस्तूच्या मोलात वाटेतल्या नासाडीचे मोल मिसळलेले असते, हा धडा बंगळूरच्या छावणीने दीडशे वर्षांपूर्वीच घेतला होता.

यावर साहजिक तोड म्हणजे माल येथेच करणे. निलगिरीत 1857 साली कॅसल ब्रुअरी उभी राहिली होती. बंगळूरमध्ये 1885 साली बंगलोर ब्रुअरी निघाली, आणि सुमारे तीन हजार फूट उंचीवरच्या या शहराच्या गार रात्री त्या उद्योगास मानवल्या. 1915 साली टॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतील पाच ब्रुअरी एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी स्थापन केली. तिची मोठमोठी पिंपे बैलगाड्यांवर लादून बंगळूर, मद्रास आणि निलगिरी येथील पलटणींना पोचविली जात. 1947 साली विठ्ठल मल्ल्या हे या कंपनीचे पहिले हिंदी संचालक झाले आणि दुसऱ्याच वर्षी, म्हणजे जयनगरचे उद्घाटन झाले त्याच 1948 साली, अध्यक्ष झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मद्रास प्रांतात सर्वत्र दारूबंदी लागू झाली. पाठोपाठ 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दोन्ही बाजूंचे मोठे प्रांत कोरडे पडत असताना ज्याने मद्याच्या कंपनीचे सुकाणू हाती घेतले, त्याच्या धाडसाबद्दल आपले मत काहीही असो, पण बंगळूर हे पुढे बिअरचे शहर झाले त्याची मुळे या काळात आहेत.

त्या काळच्या बिअरचा सर्वांत मोठा गुण कोणता मानला जाई? स्वच्छपणा. युरोपात 1842 साली बोहेमियातील पिल्सेन येथे सोनेरी, पारदर्शक बिअर तयार झाली. इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरील कर उठला आणि धातूच्या वा मातीच्या पेल्यांच्या जागी काचेचे पेले सर्वसामान्यांच्या हाती आले. आणि पेल्याच्या आरपार पाहता येऊ लागल्याबरोबर गढूळ बिअर म्हणजे बिघडलेली बिअर, अशी धारणा रूढ झाली. गाळण्या, थंड तळघरे आणि पुढे शीतयंत्रे यांवर ब्रुअरींनी अमाप पैसा खर्चिला तो ही पारदर्शकता साधण्यासाठी. मग आज गढूळपणासाठी अधिक पैसे का मागितले जातात, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अडाणीपणाचा नाही. सव्वाशे वर्षे ज्या दोषाच्या निवारणासाठी ग्राहकाने मोल दिले, त्याच दोषासाठी आता मोल द्यावे काय?

याचे उत्तर अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात शोधावे लागते. तेथील वॉटरबरी गावी 2003 साली उघडलेल्या 'द अल्केमिस्ट' या लहान ब्रुअरीने 'हेडी टॉपर' नावाची, न गाळलेली, हॉपच्या सुगंधाने ओतप्रोत भरलेली बिअर केली. 2011 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या वादळी पुरात त्यांचा पब वाहून गेला, परंतु त्याच सुमारास सुरू झालेल्या डबाबंदीमुळे ती बिअर दूरवर पोचली, आणि तिच्या अनुकरणाने सारा न्यू इंग्लंड प्रदेश धूसर झाला. 2018 साली अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने या प्रकाराला आपल्या यादीत स्वतंत्र स्थान दिले. येथे धूसरपणा हा हेतू नसून परिणाम आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. सत्तूप्रमाणे जाडसर पोत यावा म्हणून जवाच्या माल्टबरोबर ओट आणि गहू घालतात. त्यांतील प्रथिने आणि हॉपमधील कषाय द्रव्ये यांचा संयोग होऊन जे सूक्ष्म कण तरंगत राहतात, त्यांमुळे बिअर धूसर दिसते. पाण्यातील क्षारांचे प्रमाणही बदलावे लागते, क्लोराइड वाढवून सल्फेट कमी करावे लागते, जेणेकरून कडवटपणा टोचत नाही. शेकडो फूट उपसून बंगळूरला आणलेले कावेरीचे पाणी याकरिता आधी निःक्षार करून मग पुन्हा हिशेबाने घडवावे लागते.

पण खरा खर्च हॉपचा. साध्या लागर बिअरला लिटरमागे ग्रॅम-दोन ग्रॅम हॉप पुरतो. धूसर आयपीएला 15 ते 20 ग्रॅम, क्वचित त्याहूनही अधिक लागतो, आणि तो उकळीच्या वेळी न घालता बहुतांशी किण्वन चालू असताना किंवा संपल्यावर थंड टाकीत घालतात. 1000 लिटरच्या टाकीत 15 ते 20 किलो हॉप! हा हॉप कोठला? 'सिट्रा' हे वाण 2008 साली अमेरिकेत बाजारात आले, 'मोझेक' 2012 साली; 'गॅलक्सी' ऑस्ट्रेलियाचे, 'नेल्सन सोव्हिन' न्यूझीलंडचे. आंबा, पेरू, संत्रे यांची आठवण करून देणारा गंध ज्यांच्या ठायी आहे अशा यांतील कित्येक वाणांवर लागवडीचे स्वामित्व राखलेले असते. आपल्याकडे काश्मिरात आणि हिमाचलातील लाहौलमध्ये हॉपची लागवड झाली आहे, परंतु या विशिष्ट सुगंधासाठी बंगळूरचा बिअरकार परदेशावरच अवलंबून आहे, आणि तो हॉप शीतगृहातून शीतगृहात, जकात भरून, येथे आणावा लागतो. हॉजसनच्या काळी बिअर समुद्र ओलांडून येत असे, आता तिचे फूल येते. अंतराचे मोल सुटलेले नाही.

तेवढ्यावर भागत नाही. टाकीत घातलेला हॉप स्पंजाप्रमाणे बिअर शोषून घेतो आणि तळाशी गाळ होऊन बसतो. त्यामुळे टाकीतील दहा टक्क्यांच्या आसपास माल विक्रीस येतच नाही. शिवाय ही बिअर प्राणवायूची कट्टर वैरीण. टाकीतून पिंपात वा डब्यात भरताना हवेचा अल्पसा स्पर्श झाला तरी काही आठवड्यांतच तिचा पिवळसर रंग मळकट होत जांभळट-तपकिरी होतो आणि फळांचा गंध जाऊन ओल्या पुठ्ठ्याची चव येते. ज्या हॉपने एकेकाळी बिअरला समुद्रपार टिकविले, त्याच हॉपचा अतिरेक तिला अल्पायुषी करतो, ही मघा सांगितलेली उलटापालट. पहाटे झाडावरून उतरविलेली नीरा ऊन चढण्यापूर्वीच प्यावी लागते, त्या जातीचे हे पेय आहे. फरक इतकाच की नीरेला काही तास मिळतात आणि हिला काही आठवडे, तेही अखंड थंडीत ठेवल्यास. अशा मालात ताजेपणा हाच मालाचा प्राण, आणि ताजेपणासाठी जो खर्च होतो, तो ज्याने पेला ताजा दिला त्याला मिळणे न्याय्य आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

आता सरकार. पूर्वीच्या अमदानीत आबकारीचा मक्ता लिलावाने देत. मक्तेदार रक्कम सरकारात भरी आणि गुत्त्यांतून ती वसूल करी. पुढे 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यासारख्या कायद्यांनी ही व्यवस्था सरकारी भट्ट्या, परवाने आणि दर गॅलनमागे शुल्क अशी बांधून काढली. पिणे कमी व्हावे आणि महसूल वाढावा, हे दोन हेतू एकाच कायद्यात गुंफले गेले. राजगोपालाचारींचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी ही गुंफण प्रामाणिकपणे तोडली; दारू बंद करावयाची तर तिचे उत्पन्नही सोडले पाहिजे, आणि सोडायचे तर दुसरीकडून आणले पाहिजे, हे त्यांनी उघडपणे मान्य केले. त्यांच्या दारूबंदीशी ज्याचे मतभेद असतील त्यानेही या सचोटीस मान द्यावा. संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने मद्यनिषेधाचे ध्येय राज्यांपुढे ठेवले, आणि त्याच संविधानाच्या सातव्या अनुसूचीने मद्यावरील अबकारी शुल्क राज्यांच्या पदरात टाकले; 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हाही मानवी सेवनाचे मद्य त्यातून वगळले गेले, कारण हे उत्पन्न सोडण्यास कोणतेच राज्य तयार नव्हते. परिणाम असा की, ज्या करावर राज्याचा स्वतःचा, पूर्ण ताबा आहे अशा मोजक्या करांपैकी हा एक, आणि पैशाची निकड लागली की हात प्रथम तेथे जातो. कर्नाटकात बाटलीबंद बिअरवरील अतिरिक्त अबकारी शुल्क 2023 साली 175 टक्क्यांवरून 185 टक्के आणि 2024 साली 195 टक्के करण्यात आले. लहान ब्रुअरींच्या परवान्याची आणि शुल्काची व्यवस्था निराळी आहे, परंतु नोकरशाहीची दृष्टी तीच: बिअर म्हणजे महसूल.

अन्य देशांनी लहान कारागिराला निराळी वागणूक दिली आणि त्यातूनच क्राफ्ट बिअर जन्मली, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेने 1976 साली लहान ब्रुअरींच्या पहिल्या 60,000 पिंपांवरील कर कमी केला आणि 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरी बिअर करण्यास मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. ब्रिटनने 2002 साली लहान उत्पादकांना शुल्कात सवलत दिली. आपल्याकडे पुण्यात 2009 साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. कर्नाटकाने नियम शिथिल केल्यावर बंगळूरमध्ये 2011 साली 'द बिअर क्लब' उघडला, तो त्याच विठ्ठल मल्ल्या रस्त्यावर जेथे युनायटेड ब्रुअरीजचा जुना कारखाना होता. इंदिरानगरात 'टॉइट' आली, आणि 2012 साली मिशिगनमधील अॅन आर्बरच्या ब्रुअरीचे नाव घेऊन 'आर्बर' आली. अमेरिकी पद्धतीच्या हॉपदार बिअरची गोडी बंगळूरला लागली ती या पिढीमुळे. या मंडळींनी परवाने, तपासण्या आणि अनिश्चित नियम सोसून एक नवी कला येथे रुजविली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पेल्यातील तिसरा वाटेकरी जागेचा मालक. त्याची गोष्ट जयनगरच अधिक चांगली सांगते. सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्डाने गावांची शेते घेऊन आखलेले हे ब्लॉक मध्यमवर्गीयांच्या निवासासाठी होते, आणि त्यांची संस्कृती कॉफीची, देवळांची, ग्रंथालयांची राहिली. याच जयनगरात 1983 साली 'कॅफे दर्शिनी' निघाली आणि तिच्या नावावरून दर्शिनी हा उपाहारगृहांचा एक नवा प्रकारच बंगळूरभर पसरला: आधी पैसे भरून चिठ्ठी घ्यावयाची, डोळ्यांसमोर तयार झालेली इडली आणि कॉफी स्वतः उचलावयाची, आणि उंच मेजाशी उभे राहून दहा मिनिटांत संपवून निघावयाचे. खुर्च्या नाहीत, वाढपी नाहीत, म्हणून जागा थोडी लागते आणि एकाच चौरस फुटावर दिवसभरात शेकडो माणसे जेवून जातात. तेथील स्वस्ताईचे रहस्य ग्राहकाच्या बसण्याचा वेळ किमतीतून वजा करण्यात होते. आजच्या ब्रुअरी-पबात नेमके उलटे घडते: विस्तीर्ण गच्ची, रोषणाई, संगीत, तीन तास अडवून ठेवलेले मेज, आणि हे सर्व बिअरच्या पेल्यावर लादलेले. ग्राहकाला वाटते आपण हॉपचे पैसे दिले. वस्तुतः त्याने गच्चीचे भाडे भरलेले असते.

2020 च्या मे महिन्यात, महामारीमुळे पब बंद असताना, कर्नाटक सरकारने मायक्रोब्रुअरींना आपली ताजी बिअर ग्राहकाच्या भांड्यात भरून घरी देण्याची तात्पुरती परवानगी दिली होती. ती केवळ टाक्यांतील माल फुकट जाऊ नये म्हणून दिलेली सवलत असली, तरी तिच्यात एका मोठ्या सुधारणेचे बीज होते. जयनगरच्या माणसाला गच्ची नको आहे, संगीत नको आहे. त्याला आठवड्याला एखादा लिटर उत्तम, ताजी बिअर हवी आहे, आणि ती त्याने दर्शिनीतल्या ग्राहकाप्रमाणे उभ्याउभ्या घेऊन जावी. ही सवलत कायम व्हावी आणि लहान उत्पादकावरील शुल्क त्याच्या उत्पादनाच्या प्रमाणात कमी व्हावे, अशी माझी आबकारी खात्याला आग्रहाची विनंती आहे. मद्यपान वाढावे असे मला वाटत नाही. ज्याला प्यावयाचे आहे त्याने थोडे, चांगले आणि जाणतेपणाने प्यावे, एवढेच वाटते, आणि स्वस्त कडक दारूपेक्षा महाग सौम्य बिअर या हेतूस अधिक उपकारक आहे.

आता मूळ प्रश्नाचा निकाल. जेथे बिअर तयार झाली तेथेच, टाकीतून नुकत्याच निघालेल्या धूसर बिअरच्या पेल्याला साध्या बिअरहून अधिक मोल देणे रास्त आहे. हॉप, गाळात गेलेला माल, अखंड थंडी आणि बिअरकाराचे कौशल्य यांची ती किंमत आहे. त्या पेल्यावरचे भाडे ग्राहकाने स्वखुशीने भरावे किंवा भरू नये. मात्र ते भाडे आहे हे त्याने ओळखावे. आणि दुसऱ्या राज्यातून उष्ण गोदामांतून प्रवास करून आलेला, महिनोन्महिने मांडणीवर पडलेला 'हेझी' नावाचा डबा, केवळ तो धूसर आहे आणि नाव परदेशी आहे म्हणून त्याच भावाने विकला जात असेल, तर ते मोल मुळीच रास्त नाही, कारण ज्या ताजेपणासाठी ते आकारले जाते तो त्या डब्यात उरलेलाच नसतो. म्हणून पेल्याला 400 रुपये मोजणाऱ्या प्रत्येकाने ही बिअर कोणत्या तारखेला भरली हे आधी विचारावे, आणि तारीख सांगता येत नसेल तेथे पैसे देऊ नयेत.